फिके पाकीट, कडक धूर

२२ जून २०१० पासून अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटावर 'लाइट', 'माइल्ड', 'लो' असे शब्द छापण्यास कायद्याने बंदी झाली. या शब्दांमुळे ती सिगारेट इतरांपेक्षा कमी अपायकारक असल्याचा समज होतो आणि तो समज खोटा आहे, हे तोवर पुरेसे सिद्ध झाले होते. आता हे शब्द गेल्यावर 'लाइट' ओढणाऱ्या लाखो माणसांची दुकानात पंचाईत झाली असेल, नेहमीची सिगारेट कोणती हेच त्यांना कळेनासे झाले असेल, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तसे काही घडले नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मधील, म्हणजे बंदीनंतर वर्षभराने घेतलेल्या पाहणीची आकडेवारी तपासली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोकांनी आपली सिगारेट आपल्याला सहज ओळखता येते असे सांगितले होते. पूर्वी 'लाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटींचा खपही कमी झालेला नव्हता.

शब्दांचे काम रंग करू लागले होते. 'मार्लबोरो लाइट्स'चे नाव आता 'मार्लबोरो गोल्ड' झाले होते, 'अल्ट्रा लाइट्स'चे 'सिल्व्हर'. बंदी येण्यापूर्वीच कंपनीने पाकिटासोबत चिठ्ठी घालून गिऱ्हाइकांना कळवले होते की यापुढे सोनेरी पाकीट मागा, पाकीट बदलत आहे, सिगारेट तीच आहे.

पण एखादा रंग 'ही सिगारेट सौम्य आहे' असे सांगू शकतो, हे कंपन्यांना केव्हा आणि कसे समजले? आणि जिने अजून एकही सिगारेट ओढलेली नाही अशा शाळकरी मुलीलाही ते सांगणे कसे कळते? हा इतिहास सुमारे ८० वर्षांचा आहे, आणि त्यात विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

हिरव्याचे पांढरे

१९२०च्या दशकात अमेरिकेत 'लकी स्ट्राइक' ही सिगारेट फार खपत असे. तिचे पाकीट गडद हिरवे, मधोमध लाल वर्तुळ. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना स्त्रियांमध्ये खप वाढवायचा होता. त्यांनी एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क तज्ज्ञाला हाताशी धरले. बर्नेज हे सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी ओढल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून प्रसिद्धी दिली, ती योजना बर्नेज यांचीच.

तरीही एक अडचण राहिली. हिरवे पाकीट आपल्या कपड्यांशी जुळत नाही, अशी स्त्रियांची तक्रार होती. पाकिटाचा रंग बदला, असा सल्ला बर्नेज यांनी दिला. पण त्या पाकिटाच्या जाहिरातीवर लाखो डॉलर खर्च झालेले होते, त्यामुळे हिल यांनी तो धुडकावला. तेव्हा बर्नेज यांनी उलटा मार्ग धरला. पाकीट बदलायचे नसेल तर फॅशन बदलू! १९३४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात उच्चभ्रू स्त्रियांसाठी 'हरित नृत्यसमारंभ' घडवून आणला, कापड उत्पादकांना आणि सजावटकारांना हिरव्या रंगाची महती पटवली, या रंगावर मानसशास्त्रज्ञाचे भाषणसुद्धा ठेवले. या सगळ्यामागे सिगारेट कंपनी आहे याचा पत्ता लागू दिला नाही. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिली.

१९४२ मध्ये अखेर पाकीट पांढरे झाले. रेमंड लोवी या प्रख्यात अभिकल्पकाने ते आखले होते. हिल यांनी त्यासाठी आपल्याशी ५० हजार डॉलरची पैज लावली होती, असे लोवी सांगत. जाहिरातीत मात्र कारण वेगळेच देण्यात आले. हिरव्या शाईला लागणारे धातू युद्धासाठी हवे आहेत, म्हणून 'लकी स्ट्राइकचा हिरवा रंग युद्धावर गेला आहे'. एकाच निर्णयाने स्त्रियांना नको असलेला रंग गेला आणि देशभक्तीचे श्रेयही पदरात पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिरव्या रंगात स्वतःचे असे काही 'अनाकर्षक' नव्हते. १९५६ मध्ये 'सेलम' ही मेंथॉलयुक्त सिगारेट हिरव्या-पांढऱ्या पाकिटात आली आणि तोच हिरवा रंग थंडाव्याची खूण ठरला. रंगाचा अर्थ पुष्कळ अंशी शिकवलेला असतो, आणि शिकवणारा कोण हे शिकणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

लाल पाकिटाचा प्रयोग

१९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. (हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल संख्याशास्त्रज्ञ, वरचे हिल कारखानदार.) लोक धास्तावले. कंपन्यांनी फिल्टरच्या सिगारेटी पुढे केल्या. पण फिल्टरची सिगारेट म्हणजे बायकी, असा पुरुषांचा समज होता.

'मार्लबोरो' ही तर १९२४ पासून खास स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी सिगारेट. १९५४-५५ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने ती फिल्टर लावून पुरुषांसाठी नव्याने बाजारात आणली. फ्रँक जियानिनोटो यांनी लाल-पांढरे, झाकण उघडणारे कडक खोके आखले आणि लिओ बर्नेट यांच्या जाहिरात संस्थेने त्यावर घोड्यावरचा गुराखी बसवला. फिल्टरमुळे आलेला 'मऊ'पणा लाल रंगाने पुसून काढायचा होता.

या कामात शिकागोच्या लुई चेस्किन यांचा सल्ला घेतलेला होता. चेस्किन यांनी रंगांच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्थाच काढली होती. वेष्टन पाहून मनात जी संवेदना उमटते ती माणूस नकळत आतल्या वस्तूला चिकटवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याला त्यांनी 'संवेदनेचे स्थानांतर' म्हटले. वेष्टन चांगले आहे असे गिऱ्हाईक म्हणत नाही, वस्तूच चांगली लागते असे म्हणते.

यात गिऱ्हाइकाचा मूर्खपणा नाही. आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊ. मोरचुदाच्या द्रावणात पाणी घालत गेले की निळा रंग फिका होत जातो. पोटॅशियम परमँगनेटचेही तसेच. जितके फिके तितके विरळ, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबर आहे. स्वयंपाकघरात हाच अनुभव येतो. रस्सा लालभडक दिसला की हात आखडतो, चहा काळसर दिसला की तो कडक असणार हे ओठाला लागण्यापूर्वीच कळते. मराठीत 'फिका' हा शब्द रंगालाही चालतो आणि चवीलाही. साडीचा रंग फिका असतो, तशी आमटीही फिकी होते. म्हणजे डोळ्यांनी पाहून तिखटपणाचा किंवा तीव्रतेचा अंदाज बांधणे ही शिकलेली आणि एरवी उपयोगी पडणारी सवय आहे.

फरक इतकाच की मोरचुदाचा रंग मोरचुदातूनच येतो. पाकिटाचा रंग छापखान्यातून येतो. त्याचा आतल्या धुराशी काहीही संबंध नसतो. आपली ही उपयुक्त सवय नेमकी येथे फसते.

'लाइट'चे यंत्र

१९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरील अहवाल आला आणि सौम्य सिगारेटीची मागणी वाढली. १९७०च्या दशकाच्या आरंभी 'मार्लबोरो लाइट्स' निघाली. पाकिटाची आखणी तीच, लालच्या जागी सोनेरी. इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली. गडद रंगाची मूळ सिगारेट, फिक्या रंगाची 'लाइट' आणि जवळजवळ पांढरी 'अल्ट्रा लाइट', अशी शिडी तयार झाली. मोरचुदाच्या परीक्षानळ्या ओळीने मांडाव्यात तशी!

या सिगारेटींत टार कमी आहे हे यंत्राने मोजून दाखवलेले असे. यंत्र दर मिनिटाला एकदा, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेई. 'लाइट' सिगारेटीच्या फिल्टरभोवतीच्या कागदाला बारीक छिद्रे असत. झुरक्याबरोबर त्यांतून हवा आत शिरे, धूर विरळ होई आणि यंत्राचा आकडा खाली येई. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे. त्याच्या मेंदूला ठरावीक निकोटिन हवे असते. ते मिळेपर्यंत तो झुरका मोठा घेतो, जास्त वेळा घेतो, आणि त्याची बोटे किंवा ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात. यंत्राला जे कमी मिळाले ते माणूस भरून काढतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये सर्व पुरावा तपासून निष्कर्ष काढला की या बदलांमुळे जनतेच्या आरोग्याला काही लाभ झालेला दिसत नाही. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, 'लाइट' सिगारेटींबाबत कंपन्यांनी जाणूनबुजून लोकांची दिशाभूल केली, असा निर्णय दिला. २०१४ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने तर सांगितले की १९५०च्या दशकानंतर सिगारेटीच्या रचनेत व घटकांत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढला आहे.

कपाटातले कागद

रंगाबाबत कंपन्यांना काय ठाऊक होते, हे १९९८ नंतर उघड झाले. त्या वर्षी अमेरिकेतल्या राज्यांनी भरलेल्या दाव्यांमध्ये तडजोड झाली आणि कंपन्यांना आपली अंतर्गत कागदपत्रे खुली करावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रंथालयात ती कोणालाही वाचता येतात.

त्यांत रंगांच्या चाचण्यांचे ढीग सापडले. या चाचण्यांची पद्धत शास्त्रीय दृष्टीने अगदी चोख आहे. सिगारेट तीच ठेवायची, पाकिटाचा रंग तेवढा बदलायचा आणि ओढणाऱ्याला चव विचारायची. एकच चल बदलायचा, बाकी सारे स्थिर ठेवायचे, हे आपण आठवीच्या वर्गात सांगतो तेच. लाल पाकिटातली सिगारेट कडक लागली, पांढऱ्यातली तीच सिगारेट सौम्य लागली. २०१७ मध्ये लेम्पर्ट आणि ग्लांट्झ या संशोधकांनी ही कागदपत्रे तपासून दाखवले की रंगामुळे चव, तीव्रता आणि धोका यांविषयीची समजूत बदलते हे कंपन्यांना अनेक दशकांपासून माहीत होते आणि पाकिटाचे रंग त्या ज्ञानाच्या आधारेच निवडले जात होते.

विज्ञानाची पद्धत शुद्ध असली म्हणजे तिचा उपयोगही शुद्धच होतो असे नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल.

मुलांना काय दिसते?

कंपन्यांनी जे गुपचूप मोजले ते विद्यापीठांतील संशोधकांनी उघडपणे मोजले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड हॅमंड आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधील एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ५१६ प्रौढ धूम्रपान करणारे होते आणि ११ ते १७ वर्षे वयाची ८०६ मुले होती. त्यांना पाकिटांच्या जोड्या दाखवल्या. कोणत्यात टार कमी? कोणती कमी धोक्याची?

ब्रिटनमध्ये 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द युरोपीय नियमानुसार २००३ मध्येच गेलेले होते. तरी लाल आणि सोनेरी मार्लबोरो शेजारी ठेवल्यावर ५३ टक्के प्रौढांनी सोनेरीला कमी धोक्याची ठरवले. ३१ टक्क्यांना वाटले की सोनेरी सोडायला सोपी आहे. मुलांची उत्तरेही याच दिशेची होती. 'सिल्व्हर', 'गोल्ड', 'स्मूद' असे लिहिलेली पाकिटे त्यांना कमी टारची आणि कमी धोक्याची वाटली. सिगारेट ओढून पाहायचीच झाली तर आपण हेच पाकीट निवडू, असा त्यांचा कल दिसला. रंग आणि सजावट काढलेली साधी पाकिटे दाखवली तेव्हा हे गैरसमज बरेच कमी झाले.

प्रौढ माणूस निदान स्वतःच्या खोकल्याशी पडताळा घेऊ शकतो. अकरा वर्षांच्या मुलाकडे पडताळ्यासाठी काहीच नसते, पाकीट हीच त्याची सारी माहिती. आणि निर्णय याच वयात होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१२ च्या अहवालानुसार रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ८८ टक्क्यांनी पहिली सिगारेट वयाच्या १८ वर्षांपर्यंत ओढलेली असते. भीती वाटत असलेल्या मुलाला सोनेरी पाकीट म्हणते, 'याने काही होत नाही.' तेवढे वाक्य पहिल्या सिगारेटीला पुरते. पुढचे काम निकोटिन करते.

रंगच काढून घेतला तर?

ऑस्ट्रेलियाने हा विचार तडीस नेला. तेथे २०११ मध्ये कायदा झाला आणि १ डिसेंबर २०१२ पासून प्रत्येक सिगारेटीचे पाकीट एकाच रंगाचे झाले. कंपनीचे चिन्ह नाही, नाव एकाच साध्या अक्षरात. हा रंग निवडण्यासाठी सरकारने हजाराहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर चाचण्या करवल्या. पांढरा, मोहरीसारखा पिवळा, ऑलिव्हसारखा हिरवट असे अनेक रंग तपासले. फिके रंग बाद झाले, कारण ते कमी धोक्याचे वाटत होते. छापखान्यांच्या रंगयादीत 'पँटोन ४४८ सी' असे नाव असलेला मातकट, गडद तपकिरी रंग निवडला गेला. सरकारने आधी त्याला 'ऑलिव्ह' म्हटले, तेव्हा ऑलिव्ह बागायतदारांनी हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले! चेस्किन यांचे तत्त्वच येथे उलट्या हेतूने वापरलेले आहे.

कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयात हरल्या. जागतिक व्यापार संघटनेतील वादही २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने संपला.

परिणाम काय झाला? व्हिक्टोरिया राज्यातील अभ्यासात साधे पाकीट वापरणाऱ्यांना आपली सिगारेट वर्षभरापूर्वीपेक्षा हलक्या दर्जाची झाल्यासारखी वाटली. बदलले होते ते पाकीट. शाळकरी मुलांच्या २०११ आणि २०१३ मधील पाहण्यांची तुलना केली तेव्हा मुलांच्या डोळ्यांत पाकिटांची मोहिनी उतरलेली दिसली. २०१६ च्या सरकारी आढाव्यात धूम्रपानाचे प्रमाण १९.४ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आल्याचे नोंदवले आहे. या २.२ टक्क्यांच्या घटीपैकी सुमारे ०.५५ एवढा वाटा पाकिटातील बदलांचा, असा अंदाज आहे. हा आकडा लहान वाटेल. पण याच काळात करही वाढला होता आणि पाकिटावरील इशारेही मोठे झाले होते. प्रयोगशाळेत एकच चल बदलता येतो, समाजात अनेक एकदम बदलतात, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे संख्याशास्त्राचे कठीण काम असते. ०.५५ मध्येसुद्धा रंग जाणे आणि इशारा वाढणे हे दोन्ही मिसळलेले आहे.

कंपन्याही स्वस्थ बसल्या नाहीत. पाकिटावर रंग छापता येत नाही तर तो नावात घालू, असे त्यांनी केले. 'ब्लू', 'गोल्ड' असे शब्द जोडलेली नावे वाढली. तरीही पुढे ब्रिटन, फ्रान्स, थायलंड, सिंगापूर अशा २० हून अधिक देशांनी साध्या पाकिटाचा मार्ग धरला.

आपल्या वर्गात

भारताने साध्या पाकिटाचा कायदा केलेला नाही. मात्र चित्रमय इशारा १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापतो, त्यामुळे रंगाला जागा थोडी उरते. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याला इशारा दिसतच नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली त्यामागे हे एक कारण होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे सांगितले. आपल्याकडे त्यात सिगारेटीपेक्षा इतर प्रकारांचा भाग मोठा आहे, आणि टपरीवर माळेने लटकणाऱ्या पुड्याही रंगीतच असतात.

वर्गात 'धूम्रपान वाईट' हा धडा मुले ऐकून घेतात आणि विसरतात. त्याऐवजी पुढील प्रयोग करून पाहावा. एकाच पातेल्यात लिंबाचे सरबत करावे. त्याचे तीन भाग करून एकात काही घालू नये, दुसऱ्यात खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब आणि तिसऱ्यात दहा थेंब घालावेत. चव विचारणाऱ्या विद्यार्थ्याला सरबत कोणी आणि कसे केले हे ठाऊक नसावे. पेल्यांचा क्रम दर वेळी बदलावा. कोणते अधिक गोड, कोणते अधिक आंबट, ते प्रत्येकाने बोलण्यापूर्वी वहीत लिहावे. मग हाच प्रयोग डोळे बांधून पुन्हा करावा आणि दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी मांडावेत. निकाल काय येईल ते येथे सांगत नाही. तो वर्गानेच काढावा, आणि अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर का आला याची चर्चा करावी.

त्यानंतर मुलांना लाल आणि सोनेरी पाकिटाची गोष्ट सांगावी. पाकिटे वर्गात आणण्याची गरज नाही. बिस्किटे, साबण, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या यांची वेष्टने पुरेत. यातला कोणता रंग वस्तूतून आला आहे आणि कोणता छापखान्यातून, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली तरी तासाचे सार्थक झाले. पुढे केव्हातरी टपरीपाशी कोणी मित्र फिके पाकीट पुढे करील, तेव्हा हा प्रश्न त्यांना आठवण्याची शक्यता आहे.